हातानं निवडलेला ड्रायव्हर

थोरलीला जाऊ आली तेव्हा तिला खरंच आनंद झाला होता. ही गोष्ट पुढे ती स्वतःला कितीदा तरी सांगत असे, जणू कुणी तिच्यावर खटला भरलाय आणि तिच्या बाजूचा तेवढा एकच पुरावा आहे.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नवी सून वरच्या मजल्यावर राहायला आली. उंचीनं थोरलीच्या खांद्यालाही पोचेना, म्हणून सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला 'बारकी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. बारकीही कॉम्प्युटरमधलीच. थोरलीला वाटलं, चला, घरात बोलायला कुणीतरी मिळालं. एरवी जेवताना तिनं छापखान्यातल्या कॉम्प्युटरचा विषय काढला की नवरा पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचा.

थोरली एका ब्रेल छापखान्यात चौदा वर्षं तंत्रज्ञ होती. अंध मुलांची पाठ्यपुस्तकं आणि परीक्षेचे पेपर तिथं छापले जात. छापणारं यंत्र कपाटाएवढं, करड्या रंगाचं. सुयांच्या ठोक्यांनी जाड कागदावर ठिपके उठवायचं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. सुटे भाग मिळत नव्हते, माहितीपुस्तक अर्धं फाटलेलं. पण यंत्राची नाडी थोरलीच्या हातात होती. कुठली सुई केव्हा कुरकुरते, कुठल्या रुळाला कुठलं तेल लागतं, सगळं तिला तोंडपाठ. छापखान्यात तिला 'मशीनताई' म्हणत. घरीही कुणाचं काही अडलं तर हाक तिलाच.

बारकी आली आणि हे हळूहळू उलटलं. बारकी एका कंपनीत ड्रायव्हर लिहायची. सासूबाईंना आधी तो शब्दच झेपला नाही. "एवढी शिकलेली पोर, आणि ड्रायव्हर?" म्हणून त्या दोन दिवस गप्प होत्या. मग बारकीनंच त्यांच्याशेजारी बसून समजावलं. "आई, कॉम्प्युटरला प्रिंटर जोडला, कॅमेरा जोडला, तर त्याच्याशी कसं बोलायचं ते कॉम्प्युटरला जन्मतः ठाऊक नसतं. त्या दोघांमध्ये बोलणारा प्रोग्रॅम लागतो. तो मी लिहिते." झालं. त्या दिवसापासून सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्या, "माझी धाकटी सून म्हणजे कॉम्प्युटरची दुभाषी!" थोरली काय करते हे त्यांनी चौदा वर्षांत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

एके दिवशी सासूबाईंच्या फोनचा आवाज गेला. थोरली शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. सासूबाई तिच्या दारावरून गेल्या, दुखरे गुडघे धरत सतरा पायऱ्या चढल्या आणि वर जाऊन बारकीला म्हणाल्या, "बघ गं याला काय झालंय." थोरली घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत राहिली. बाजूचं एक बटण दाबायचं काम. तिनं मनातल्या मनात ते दहा वेळा दाबलं.

तरीही हे सगळं घरातलं होतं. छापखान्याच्या दारात मात्र बारकीचं काही चालत नव्हतं. तिथं मशीनताई एकच होती.

त्या वर्षी परीक्षेला सात आठवडे उरले असताना छापखान्याचा जुना कॉम्प्युटर मेला. आजारी वगैरे नाही, सरळ मेला. नवा आणला. थोरलीनं यंत्राची केबल त्याला लावली, जुन्या सीडीतून ड्रायव्हर चढवला, आणि पडद्यावर उत्तर आलं की या ड्रायव्हरवर कुणाची विश्वासार्ह सही नाही, त्यामुळे तो चालू करता येणार नाही.

थोरलीनं हे मॅनेजरबाईंना समजावून सांगितलं. मॅनेजरबाई हिशेबी, टापटीप, ज्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं अशा. "हे बघा मॅडम, यंत्र जोडलं की ते आधी आपली ओळख सांगतं. एक नंबर बनवणाऱ्या कंपनीचा, एक नंबर मॉडेलचा. कॉम्प्युटरची सिस्टिम आपल्या साठ्यात शोधते की या नंबराचा ड्रायव्हर कुणाकडे आहे. सापडला की त्याची सही तपासते. कारण हा ड्रायव्हर पार आत, सिस्टिमच्या गाभ्यात जाऊन बसणार. तिथं गडबड झाली तर अख्खा कॉम्प्युटरच बसतो. पूर्वी सहीबद्दल एवढी कटकट नव्हती. आता आहे. आणि आपल्या ड्रायव्हरवर सही करणारी कंपनीच उरलेली नाही."

"मग आता?"

"आहे एक युक्ती," थोरली म्हणाली, आणि हे म्हणताना तिला बरं वाटलं.

युक्ती अशी की कॉम्प्युटर सुरू होतानाच एका खास यादीत शिरायचं आणि सातवा पर्याय निवडायचा: सही तपासू नकोस. मग जुना ड्रायव्हर मुकाट्यानं आत घेतला जायचा. पण ही सवलत कॉम्प्युटर बंद होईपर्यंतच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे रोज सकाळी थोरलीनं येऊन सात नंबरचं बटण दाबल्याशिवाय छापखान्यात एक ठिपकाही उठणार नव्हता. ती आजारी पडली तर सगळे हातावर हात ठेवून बसणार. थोरली तापानं फणफणली तरी आली असती, इतकं तिला ते आवडत होतं.

पण जुना ड्रायव्हर नव्या सिस्टिममध्ये नीट रमेना. तीस-चाळीस पानं झाली की पडदा निळा पडायचा आणि कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. अर्धवट छापलेला संच फाडायचा, पुन्हा पहिल्यापासून. एक आठवडा असा गेला आणि मॅनेजरबाईंनी थोरलीला बोलावलं.

"ताई, तुमची जाऊ हेच काम करते ना? ड्रायव्हरचं?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "करते. पण ती फार गडबडीत असते."

"विचारून तर बघा."

थोरलीनं विचारलं नाही. दोन दिवसांनी "तिला सवड नाही म्हणाली" असं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाई बाजारात सासूबाईंना भेटल्या. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "अगं, तुझ्या ऑफिसात एवढी अडचण आहे आणि तू बारकीला सांगितलंसुद्धा नाहीस?" जिन्यातून खाली येणाऱ्या बारकीनं ते ऐकलं.

"ताई, मला का नाही बोललात?" ती म्हणाली. "मी काढते की सवड."

त्या 'काढते की'मध्ये कसलीही घमेंड नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, थोरलीला रागवायला कारण मिळालं असतं.

बारकीनं सुट्टी टाकली आणि चार दिवस छापखान्यात येऊन बसली. यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यात काय काय बोलणं होतं ते तिनं एका प्रोग्रॅमनं टिपून घेतलं. यंत्राबद्दलचं सगळं ती थोरलीला विचारायची, वहीत लिहायची, आणि म्हणायची, "ताई, हे तुम्ही पुस्तकाशिवाय कसं शोधून काढलंत? कमाल आहे!" दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर थोरली हरखून गेली असती. बारकीच्या तोंडून ते तिला शिक्षकानं मागच्या बाकावरच्या पोराला दिलेल्या शाबासकीसारखं वाटायचं.

"मी याला गाभ्यात पाठवणारच नाही," बारकीनं मॅनेजरबाईंना सांगितलं. "हा ड्रायव्हर बाहेरच्या बाजूला चालेल, साध्या प्रोग्रॅमसारखा. चुकला तरी एकटा पडेल, कॉम्प्युटरला घेऊन पडणार नाही. आणि रीतसर सही घेऊ, म्हणजे रोजची ती सात नंबरची कटकट नको."

कटकट. थोरलीनं तो शब्द गिळला.

तीन आठवड्यांत ड्रायव्हर लिहून झाला, सहीचे कागद गेले, सही आली. बसवला आणि यंत्र असं चाललं की सगळे कामगार आपापली टेबलं सोडून बघायला आले. दोनशे पानं, मध्ये एकदाही अडलं नाही. मॅनेजरबाईंनी केक मागवला. फुलांचा गुच्छ आणला. बारकीला यंत्राशेजारी उभं केलं, बाकीचे दोन्ही बाजूंना. थोरलीही केस सारखे करून एका टोकाला उभी राहिली. तेवढ्यात मॅनेजरबाई आपला फोन पुढे करत म्हणाल्या, "मशीनताई, तुम्ही काढा ना फोटो. तुमचा हात स्थिर आहे."

थोरलीनं फोटो काढला. हात स्थिरच होता. तिनं तीन काढले, कारण पहिल्या दोनांत बारकीचे डोळे मिटलेले आले होते, आणि तिसरा काढताना तिच्या मनात आलं की हे दोनच द्यावेत.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षेच्या पेपरांची छपाई सुरू झाली. या काळात छापखान्याचा नियम कडक. बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही, छपाईच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, फाइल आणायची-न्यायची तर मॅनेजरबाईंच्या समोर आणि थोरलीच्या हातानं. म्हणजे बारकीला आता यंत्र दिसणारही नव्हतं.

सकाळी आठ वाजता थोरली एकटी कॉम्प्युटरसमोर बसली. आता काही करायचं नव्हतं. बटण दाबलं की सिस्टिम सुरू होणार, यंत्र आपला नंबर सांगणार, साठ्यात दोन ड्रायव्हर सापडणार, त्यातला सहीवाला निवडला जाणार. कुणाच्याही मदतीशिवाय. तिचं बोट बटणावर गेलं, आणि पडदा उजळायच्या आत सवयीनं त्या खास यादीकडे वळलं.

सवयीनं, असं तिनं नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण त्यापुढचं सवयीनं झालं नव्हतं. सहीवाला ड्रायव्हर असताना सिस्टिम आपणहून जुन्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी यंत्राच्या नावावर जाऊन 'मी स्वतः यादीतून निवडते' असं सांगावं लागतं, यादी उघडावी लागते, जुन्या नावावर बोट ठेवावं लागतं आणि सिस्टिमनं दिलेला इशारा वाचून 'हो, तरीही' म्हणावं लागतं. माणसानं हातानं निवडलं की सिस्टिम आपलं शहाणपण बाजूला ठेवते. थोरलीनं या चारही पायऱ्या शांतपणे पार केल्या.

अकराच्या सुमारास, सदतिसाव्या पानावर, पडदा निळा पडला.

"अरे देवा," मॅनेजरबाई धावत आल्या. "हे तर पुन्हा तेच! नव्या ड्रायव्हरलाही तेच?"

"नवीन आहे मॅडम," थोरली म्हणाली. "चालायचंच. चार दिवसांत कुणी यंत्र ओळखत नसतं."

ते वाक्य तिच्या जिभेवर दिवसभर गोड लागत राहिलं. कॉम्प्युटर पडून पुन्हा सुरू झाला की दर वेळी ती गुपचूप सातवा पर्याय निवडत होती.

बातमी संध्याकाळी घरी पोचली. बारकीचा चेहरा पडला. "बाहेरच्या बाजूला चालणारा ड्रायव्हर अख्खी सिस्टिम पाडूच शकत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "पाडायला नको. मग माझं कुठं चुकलं?" मग थोरलीकडे वळून म्हणाली, "ताई, कॉम्प्युटर पडताना एक छोटी फाइल मागे ठेवतो. कुणामुळे पडलो, ते त्यात लिहिलेलं असतं. तेवढी आणाल?"

"बघते," थोरली म्हणाली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "फाइल बनलीच नाही."

त्याच्या पुढच्या दिवशी सांगितलं, "मॅडम गडबडीत होत्या, विचारायचं राहिलं."

बारकीनं पुन्हा रजा काढली. आपला हजारभर ओळींचा प्रोग्रॅम ती पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. तिसऱ्या सकाळी थोरली दूध द्यायला वर गेली तर ती टेबलाशी तशीच. केस विंचरलेले नाहीत, चहावर साय धरलेली, कागदांवर लाल पेनानं गोल केलेले. "मला वाटायचं मला हे येतं," ती मान वर न करता म्हणाली. "त्या मुलांचे पेपर अडलेत माझ्यामुळे."

सासूबाई खाली म्हणत होत्या, "पोरीनं दोन दिवसांत धड दोन घास खाल्ले नाहीत. होतं असं कधी कधी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!"

म्हणजे चुकली तरी कौतुक तिचंच. थोरलीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. पण जिना उतरताना ते लाल गोल काही डोळ्यांपुढून हटेनात. एकेका गोलाखाली एक निर्दोष ओळ होती, आणि हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

छापखान्यात पेपर वाचून तपासायचं काम मास्तरांकडे होतं. मास्तर जन्मापासून अंध, पूर्वी शाळेत शिकवायचे. यंत्राला लागून असलेल्या खोलीत टेबलाशी बसून दोन्ही हातांच्या बोटांनी पानामागून पान वाचायचे आणि चुकलेल्या ठिपक्याशेजारी टाचणी टोचून ठेवायचे. माणूस कमी बोलणारा. त्या दिवशी थोरली छापलेले संच त्यांच्या टेबलावर ठेवायला गेली तर म्हणाले, "बाई, जरा बसा."

ती बसली.

"त्या दिवशी केक आणला होता ना, तेव्हा यंत्र एका दमात चालत होतं. ओळ संपली की लगेच पुढची. मी म्हटलं, वा. दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं. दोन ओळी, मग दम. दोन ओळी, मग दम." त्यांनी टेबलावर बोटांनी तो ताल वाजवून दाखवला. तो हुबेहूब जुन्या ड्रायव्हरचा होता; तो दोन-दोन ओळींचा घास देऊन थांबायचा. "मॅडम म्हणतात, नवीन बसवलेलं बिघडलं. मला त्यातलं कळत नाही. पण नवीन बिघडलं तर नवीनच काहीतरी ऐकू यायला हवं की नाही? जुनं कसं ऐकू येतं?"

थोरली टेबलावरचे संच उगाच सरळ करू लागली. "यंत्रच जुनं आहे, मास्तर."

"हं," मास्तर म्हणाले, आणि पुढचं पान ओढून घेतलं. वाचता वाचताच म्हणाले, "मी कुणाला काही बोललो नाही. तुम्हालाच विचारलं, कारण यंत्राबद्दल आजवर मी तुम्हालाच विचारत आलोय."

ओरडले असते तर थोरलीनं तोंडाला तोंड दिलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला कळत होतं. पण खोलीबाहेर पडताना तिला भीती पकडले जाण्याची वाटत नव्हती. मास्तर आता पुढच्या वेळी यंत्राबद्दल दुसऱ्या कुणाला तरी विचारतील, आणि तेही बरोबरच असेल, याची वाटत होती.

ती कॉम्प्युटरशी गेली. तीन दिवसांच्या सगळ्या छोट्या फाइली तिथंच होत्या, एकीलाही धक्का लागलेला नव्हता. पुसून टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिनं पेन ड्राइव्ह लावला. मॅनेजरबाईंना बोलावलं, नियमाप्रमाणे त्यांच्यासमोर फाइली घेतल्या, आणि कुठला ड्रायव्हर केव्हा कुणी बसवला याची सिस्टिम जी नोंद ठेवते तीही घेतली. त्यात छपाईच्या पहिल्या सकाळची आठ वाजून बारा मिनिटांची ओळ होती. ड्रायव्हर वापरकर्त्यानं हातानं निवडला, असं स्वच्छ लिहिलेलं.

जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली आणि पेन ड्राइव्ह बारकीच्या टेबलावर ठेवला. खाली पळून जावंसं वाटत होतं, पण ती दाराशी उभी राहिली.

बारकीनं पहिली फाइल उघडली. वाचली. दुसरी उघडली. मग ती नोंद. थोरलीला तिची फक्त पाठ दिसत होती. 

"जुना ड्रायव्हर चालू होता," बारकी अखेर म्हणाली. आवाज अगदी सपाट. "माझा नव्हताच."

"हो."

"कुणी केलं?"

"मी."

बारकी खुर्चीतच वळली. तिचे डोळे लाल होते, पण रडून नव्हे, वाचून वाचून. "का, ताई?"

थोरलीनं खूप कारणं जमवली होती. चौदा वर्षं, फोटो, सतरा पायऱ्या. आता त्यातलं एकही तोंडातून निघेना. "तुझं सगळं चांगलं चाललेलं मला बघवत नाही," ती म्हणाली. "एवढंच आहे. मोठं काही नाही."

"तीन दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते!" बारकीचा आवाज एकदम चढला. "तीन दिवस, ताई! बिनचूक लिहिलेलं मी बदलत बसले होते. आणि तुम्ही रोज सकाळी दूध घेऊन येत होतात!"

थोरली दारातून हलली नाही.

"मॅडमना तुम्ही सांगायचं," बारकी म्हणाली. "मी नाही सांगणार. आत्ता जा आणि सांगा. आणि आधी तो ड्रायव्हर काढा. नुसता बदलू नका, साठ्यातूनच काढा. जा."

धाकटी जाऊ तिला 'जा' म्हणाली आणि थोरली गेली.

मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "किती संच फाडले?"

"एकोणीस."

"मुलांचे पेपर आहेत हे, ताई."

"माहीत आहे."

त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. कामावरून काढायचं त्यांच्या मनात असावं. पण परीक्षा तोंडावर, आणि सुई अडकली तर सोडवणारी दुसरी कुणी नव्हती. त्यांनी लेखी ताकीद दिली. कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड बदलून स्वतःकडे घेतला. आता थोरलीला काही बसवायचं असेल तर आधी विचारावं लागणार होतं. जुना ड्रायव्हर साठ्यातून काढला तेव्हा त्या तिच्यामागे उभ्या राहून बघत होत्या. चौदा वर्षांत असं कुणी तिच्यामागे उभं राहिलं नव्हतं.

त्या दुपारी यंत्र एका दमात चाललं. बुडालेला वेळ भरून काढायला सगळे सुट्टीच्या दिवशीही आले, आणि पेपर वेळेच्या एक दिवस आधी पेट्यांत बंद होऊन गेले. मास्तरांनी थोरलीला पुन्हा काही विचारलं नाही. संच घेताना "ठेवा" म्हणायचे, तेवढंच.

घरी बारकीनं कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंना एवढंच कळलं की ड्रायव्हर आता नीट आहे, आणि त्यांनी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून तिची पाठ थोपटली. थोरलीला वाटलं, घ्या, मोठेपणातही हिनंच बाजी मारली. हा विचार आला तेव्हा तिची तिलाच शरम वाटली. पण आला, हे खरं. एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ती म्हणाली, "तू घरात बोलली नाहीस, तुझे उपकार झाले."

"तुमच्यासाठी नाही केलं ते," बारकी म्हणाली. "आईंना या वयात दोन सुनांची भांडणं कशाला?" आणि अंग चोरून वर निघून गेली.

दोन महिने त्या कामापुरतंच बोलल्या. मग एका दुपारी बारकी आपणहून खाली आली, खुर्ची ओढून बसली. दुसऱ्या गावच्या एका ब्रेल छापखान्यात तेच करडं यंत्र होतं, तीच रड. त्यांनी मॅनेजरबाईंकडून ऐकून ड्रायव्हर मागितला होता आणि बसवून द्यायला माणूसही.

"मला यंत्रातलं काही कळत नाही," बारकी म्हणाली. "ते दोन वर्षं बंद आहे. तुम्हीच जायला हवं."

"माझ्यावर सोडतेस?"

बारकीनं मान हलवली. "मॅडमनी तुमचं नाव सुचवलं नाही. मी सुचवलं. मला अजून राग आहे, ताई. पण दुसरं कोण जाणार?"

थोरली गेली. चार तासांचा बसचा प्रवास, पेन ड्राइव्ह पर्समध्ये आतल्या कप्प्यात. तिथं पहिला दिवस यंत्रातच गेला: गंजलेले रूळ, उंदरांनी कुरतडलेली केबल, वाकलेल्या सात सुया. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ड्रायव्हर चढवला आणि केबल लावली. सिस्टिमनं यंत्राचा नंबर विचारला, साठ्यात पाहिलं, सही तपासली. पडद्याच्या कोपऱ्यात 'तयार' अशी छोटीशी पाटी आली, आणि दोन वर्षं मुकं असलेलं यंत्र धडधडायला लागलं.

खोलीत सहा-सात माणसं होती. तिथली मुख्य बाई वयस्क, चष्म्याच्या जाड भिंगांआडून अगदी जवळ जाऊन बघणारी. तिनं पहिलं पान हातात घेतलं, बोटं फिरवली आणि थोरलीचे दोन्ही हात धरले.

"आम्ही आशाच सोडली होती हो. इतक्या लोकांना विचारलं, सगळे म्हणाले, याला आता ड्रायव्हर मिळणार नाही. आणि तुम्ही लिहिलातसुद्धा! कसं जमलं तुम्हाला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. कुणीतरी फोन वर धरला होता, फोटोसाठी. इथं बारकीला कुणी ओळखत नव्हतं. नुसतं हसून मान खाली घातली असती तरी पुरे होतं. खोटंही बोलायला लागलं नसतं. थोरलीच्या मनात तीच जुनी असूया उठली, पहिल्याइतकीच. आणि तिला वाटलं, ही काही जायची नाही आता, हिला घेऊनच राहायचंय.

"यंत्र मी दुरुस्त केलं," ती म्हणाली. "ड्रायव्हर माझ्या जावेनं लिहिलाय."

"असं? म्हणजे घरातच दोघी! तीसुद्धा तुमच्यासारखीच हुशार दिसते."

"माझ्यापेक्षा जास्त," थोरली म्हणाली. ते दोन शब्द दात उपटताना लागावा तसा जोर लावून बाहेर आले. पण आले. त्या बाईंनी बारकीचा फोन नंबर विचारला आणि थोरलीनं तो पाठ म्हणून दाखवला, एकेक आकडा सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असा.